जूलीला गप्प करायला गेलो तेव्हा

जूली दोन वर्षांची असताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं. ती रतिलालची होती. आर्मीच्या डॉग युनिटमध्ये एक कुत्रा एका हँडलरचा असतो. बाकीच्यांनी त्याला उगाच हात लावायचा नाही. रतिलाल लान्स नायक, मी नायक. तो नरडाण्याजवळच्या खेड्यातला, मी जळगावचा, पिंप्राळ्यातला. त्या पोस्टवर खानदेशचे आम्ही दोघेच, त्यामुळे आमच्या खाटा शेजारी-शेजारी.

साडेचारला कुत्र्यांचं केनेल उघडायचं. ब्रशिंग, पंजे आणि कान तपासणं, पाणी. सहाला रोड ओपनिंग, म्हणजे गाड्यांचा ताफा निघायच्या आधी रस्ता तपासायचा. पुढे जूली, लांब दोरीच्या टोकाला रतिलाल, मागे पार्टी, म्हणजे आमची तुकडी. बारूद सापडली की जूलीने आवाज करायचा नाही, जागच्या जागी बसायचं. सगळ्या सर्व्हिसमध्ये ती कामावर एकदाही भुंकली नाही.

रतिलाल त्याच रस्त्यावर स्फोटात गेला. जूलीला खरचटलंही नाही. पुढची चार वर्षं ती माझ्याकडे होती. मग वयामुळे तिला रिटायर केलं आणि त्याच वर्षी माझीही सर्व्हिस संपली. तिला मीच नेणार होतो, पण रतिलालच्या वडिलांचा फोन आला. त्यांना सगळे नाना म्हणतात.

"ती आमनाकडे येऊ दे," ते म्हणाले. एवढंच.

मी तिला त्यांच्या घरी सोडून आलो. तीन महिन्यांनी पुन्हा फोन.

"सुभाष, हाई पोर दिनभर भुकस. तू एक डाव ई जाय."

मी आता जळगावला एका गोदामावर सिक्युरिटीचं काम करतो. चार दिवसांची रजा टाकली आणि शुक्रवारी पहाटेच पोचलो.

नानांच्या घराची एक भिंत पुतण्याच्या घराला लागून आहे. पुतण्याची बायको सुनंदा दीड महिन्याची बाळंतीण. ती दारातच भेटली. डोळ्यांखाली काळं आलेलं.

"दादा, मला कुत्रीचा राग नाही," ती म्हणाली. "पण बाळ डोळा लावतं आणि ही सुरू होते. घरचे म्हणतात, हिला कुठंतरी सोडून या. तुम्हीच काहीतरी करा."

पहिल्या दिवशी मी काहीच केलं नाही. ओट्यावर बसून वेळा लिहिल्या. ६.२० ला जूली भुंकली. अक्का, म्हणजे रतिलालची आई, तव्यावरची भाकरी तशीच ठेवून बाहेर आली. तुकडा दिला, कानामागे खाजवलं. ६.५५ ला पुन्हा. अक्का पुन्हा आली. ७.३० ला ती कपडे धूत होती, ओल्या हातांनी आली. दुपारपर्यंत अकरा वेळा. जूलीला भूक नव्हती, दुखत-खुपत नव्हतं. भुंकलं की माणूस येतं, एवढं ती शिकली होती. शिकवणारी अक्का होती.

संध्याकाळी मी नाना आणि अक्का दोघांना समोर बसवलं.

"उद्यापासून ती भुंकली की कोणी उठायचं नाही. बघायचं नाही. रागवायचंही नाही, कारण रागवणं म्हणजे पण उत्तर देणंच. दोन दिवस ती जास्त भुंकेल. सवय सुटायच्या आधी जोर करते. मग थांबेल."

नानांनी मान हलवली. अक्काने हलवली नाही.

शनिवार कसाबसा गेला. मी सुनंदाला आधीच सांगून ठेवलं होतं. ती बाळाला घेऊन मागच्या खोलीत राहिली. जूली भुंकायची, दाराकडे बघायची, पुन्हा भुंकायची. अक्का तिच्याकडे पाठ करून डाळ निवडत होती. निवडलेली डाळ पुन्हा निवडत होती.

रविवारी दुपारी २.१० ला जूली सुरू झाली ती थांबेचना. २.३० झाले. २.४५ झाले. आवाज फाटायला लागला. भिंतीपलीकडे बाळ रडायला लागलं. नाना खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी घड्याळाकडे बघत होतो. ती दमली की गप्प होणार, हे मला माहीत होतं. केनेलमध्ये मी हे कितीदा केलं होतं.

२.५० ला अक्का उठली.

"अक्का, बसा."

माझा आवाज परेडवरचा निघाला. ती थांबली, पण बसली नाही.

"चार वरीस व्हयनात, सुभाष," ती म्हणाली. "या घरमा माले कोनी हाक मारत नही. हाई मारस. मंग मी उठू नको का?"

नाना खाटेवर उठून बसले. बाहेर जूली भुंकतच होती.

मी खाली मान घालून बसलो. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी या माणसांना अर्धाच धडा दिलाय. भुंकण्याला उत्तर द्यायचं नाही, हे अर्धं. गप्प बसण्याला उत्तर द्यायचं, हे दुसरं अर्धं. आणि रतिलाल तर त्याच्याही पुढे जायचा. जूलीला गरज वाटायच्या आधीच तो केनेलपाशी उभा असायचा.

"अक्का, तुम्ही उठा," मी म्हणालो. "खुशाल उठा. पण ती गप्प झाल्यावर. तिने हाक मारायची नाही, तुम्ही तिला हाक मारायची."

३.०२ ला जूली थांबली. मी बोटांवर सहा मोजले.

"आता."

"जूली," अक्का दारातून म्हणाली. "ये माय, ये."

जूली आली. अक्का उंबऱ्यावर बसली होती, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. अक्काने तुकडा दिला नाही. नुसता हात फिरवत राहिली, बराच वेळ.

मग आम्ही वेळा ठरवल्या. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला नानांनी फिरवायचं. दिवसातून चार वेळा, ती शांत पडलेली असताना, अक्काने जवळ बोलवायचं. आणि तिला काम द्यायचं, कारण ती जन्मभर कामावर होती. मी नानांचा जुना रुमाल गोठ्यात चाऱ्याखाली लपवला आणि जूलीला सोडलं. तिने दीड मिनिटात काढला. नाना चार वर्षांत हसले नसतील तेवढे हसले. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतः लपवला, आडव्या लाकडाच्या वर, आणि मला डोळा मारला. तिने तोही काढला.

सोमवारी सकाळी ती दोनदा भुंकली. दोन्ही वेळा कोणी उठलं नाही. दोन्ही वेळा ती पाच मिनिटांत पडून राहिली. दहाच्या सुमाराला सुनंदा बाळाला घेऊन ओट्यावर आली आणि जूलीपासून चार हातांवर बसली. जूलीने नुसती शेपटी आपटली.

मी बॅग भरत होतो. नाना जवळ आले.

"तठे तो तिनासंगे कसा बोले?"

चार वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं. मीही आपणहून सांगितलं नव्हतं. धीर झाला नव्हता. युनिटमध्ये कुत्र्यांना ठरलेल्या शब्दांतच ऑर्डर द्यायची असते. रतिलाल जूलीशी अहिराणीत बोलायचा. सुभेदारसाहेबांनी त्याला दोनदा झापलं होतं. "साहब, समझती है," तो म्हणायचा. आणि तिला समजायचं.

अक्का चुलीपासून उठून आली होती.

"आनि शेवटले?" तिने विचारलं. "शेवटले काय बोलना तो?"

मी बॅग खाली ठेवली आणि जसं झालं तसं सांगितलं. सकाळी ७.१० ला जूली रस्त्याच्या कडेला बसली. रतिलालने हात वर केला, वायरलेस सेटवर बोलला, "डॉग बैठ गया है. सब रुको. ओव्हर." पार्टी थांबली. दोन जवान उताराच्या बाजूने पुढे गेले होते, त्यांना त्याने हाताने मागे फिरवलं. तेवढ्यासाठी तो तिथे थांबला. जूली त्याच्या पायाशीच होती. त्याने तिची दोरी सोडली. मी चाळीस पावलांवर होतो, मला स्पष्ट ऐकू आलं.

"मांगे जाय," तो तिला म्हणाला. "मांगे जाय, माय."

ती धावत माझ्याकडे आली. मग स्फोट झाला.

अक्काने पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने काढला.

"आपलीच बोली बोलना," ती नानांना म्हणाली.

"हां," नाना म्हणाले. "आपलीच."

लान्स नायक रतिलाल. वय अठ्ठावीस. त्या सकाळी त्याच्या मागे पार्टीत आम्ही एकोणीस जण होतो. एकोणीसही पायी चालत पोस्टवर परत आलो.