टेकडी उजवीकडे ठेवून

“जे आपल्याकडे बघतसुद्धा नाही, त्याचीच खरी भीती वाटते,” जान्हवी दिघे एकदा म्हणाली होती.

ती देवासला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये टॅली शिकवायची. वडील अशोकराव कारखान्यातल्या नोकरीसाठी सांगलीहून इथे आले होते. क्लास सुटला की तिथल्याच मशीनवर ती एक गेम बनवत असे. दोन वर्षं त्यात गेली. इंदूरच्या एका कंपनीने तो घेतला, तर तिला तिथेच गेम बनवायची नोकरी मिळणार होती. नाहीतर टॅली होतीच.

गेममध्ये देवासच्या देवीच्या टेकडीसारखी एक टेकडी होती आणि तिच्याभोवती रस्ता. खेळणाऱ्याने फक्त चालायचं. कुणी पाठलाग करत नसे, मरायची सोय नव्हती. प्रत्येक फेरीला टेकडी नजरेला कळणार नाही एवढी वाढायची. खाली गावातले दिवे तेवढेच राहायचे, फक्त लांब जायचे. पुढे पुढे कळायचं की आपण चालतोय तो रस्ताही तिच्याच अंगाचा भाग आहे, आणि तिला आपला पत्ता नाही.

अशोकरावांनी एकदा क्लासवर येऊन तो खेळून पाहिला. दुसऱ्या फेरीला त्यांनी, देवळात काढतात तशा, चपला काढून टेबलाखाली ठेवल्या. जमलं, एवढं तिला कळलं.

कंपनीचा अक्षत पवार २००६च्या पावसाळ्यात क्लासवर आला. तो मूळचा धारचा. गेम सुरू होताच तो टेकडी डाव्या हाताला ठेवून चालू लागला. टेकडी जराही वाढली नाही. बराच वेळ चालून त्याने विचारलं, यात होतं काय? तेव्हा जान्हवीच्या लक्षात आलं. देवासला सगळे प्रदक्षिणा घालतात तसा, टेकडी उजव्या हाताला ठेवूनच माणूस फिरणार, हे तिने गृहीत धरलं होतं. उलटं कुणी जाईल हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

अक्षत हसला. सीडी काय फक्त देवासात विकायची का, म्हणाला. ते दुरुस्त करता येईल, असं तिने सांगितलं. मग तो टेकडी उजवीकडे ठेवून फिरला. तिसऱ्या फेरीला त्याने माउसवरचा हात काढला.

“काम पक्कं आहे,” तो म्हणाला. “पण तिला डोळे लाव. लाल.”

“डोळे लावले तर ती बघेल, अक्षतभिया.”

“बघू दे ना. पब्लिक तेव्हाच घाबरतं.”

“बघितलं तर उलट धीर येतो. निदान आपण आहोत, एवढं तिला कळलं.”

त्याच्या पेन ड्राइव्हमध्ये लाल डोळ्यांचं तयार चित्र होतं. ते त्याने टेकडीवर चढवलं आणि स्क्रीन दुपारच्या बॅचकडे वळवली. पोरं दचकली, मग हसली, आणि आधी कोण खेळणार यावरून भांडू लागली.

“बघ,” अक्षत म्हणाला. “असंच ठेवलंस तर सोमवारी जॉइन हो.”

जान्हवी थोडा वेळ त्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग तिने खुर्चीवरची पर्स उचलली, खुर्ची आत सरकवली, आणि बाकांमधून वाट काढत, “सोमवारी माझी टॅलीची बॅच आहे,” म्हणत बाहेर पडली.