लेकीचं कुपन आणि वहिनीची शाळा

आमच्या लेकीला कुपन लागलं, त्यात माझं कर्तृत्व एवढंच की सावंगीच्या दवाखान्यासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. कुठल्याशा खासगी ट्रस्टचा अर्ज घेऊन एक बाई आल्या. त्यांच्या प्रती काढता काढता मी एक आपल्यासाठीही काढली. ट्रस्ट सोडत काढणार, ज्या पोराचं नाव निघेल त्याला कुपन मिळणार, आणि मायबापानं ते आपल्या पसंतीच्या कॉन्व्हेंटात नेऊन द्यायचं. फी ट्रस्ट भरणार. जन्मात मला गणपती मंडळाच्या सोडतीत साबणाची वडीसुद्धा लागली नव्हती. हे लागलं!

बायको म्हणाली, "देवानं देल्लं तं नाई म्हणू नका. शाळेची गाडी घरापुढून जाते."

अडचण वेगळीच होती. लेक गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नुकतीच तिसरी पास झालेली. टीसी तिथून काढायची, आणि तिथली मुख्याध्यापिका म्हणजे माझी सख्खी वहिनी. शाळेत शिक्षिका दोनच. एक पोर जरी कमी झालं तर पटसंख्येपायी दुसऱ्या बाईंची बदली आणि चारही वर्ग एकट्या वहिनीच्या गळ्यात. हे अख्ख्या गावाला माहीत होतं. मला तर घरातूनच माहीत.

टीसी मागायला गेलो तो शाळेचा नळ दुरुस्त करून परत आलो. पुन्हा गेलो आणि पिशवीभर वांगी देऊन आलो. त्यानंतर गेलो तेव्हा वहिनीच म्हणाली, "भाऊजी, नळ झाला, वांगे झाले. आता टीसी मागता का कपाट रंगवता?"

तिनं दाखल्यांचं पुस्तक उघडलं आणि भराभर लिहीत गेली. एका रकान्यापाशी पेन थांबलं. शाळा सोडल्याचं कारण.

"काय लिहू?"

"सगळ्याईच्या टीसीवर असते तेच. पालकांच्या विनंतीवरून."

"ते तं मी लिहीनच. मले तोंडी सांगा. पोरीले वाचता येत नाई?"

"येते."

खरं तर चष्मा विसरलो की पेपर तीच मला वाचून दाखवते.

"मी मारते पोराईले?"

"नाई जी."

"मंग?"

"फुकट भेटून राह्यलं वहिनी," मी म्हणालो.

"अन् इथं काय मी पैसे घेऊन राह्यली?"

यावर मला राग आला, चूक आपली असली की येतो तसला. म्हटलं, "तुमच्या पोराले तुम्ही वर्ध्याच्या कॉन्व्हेंटातच घातलं होतं ना?"

वहिनी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"घातलं ना. त्याची टीसी मीच लिहिली, ह्याच टेबलावर. मले कोणी कारण विचारलं नाई." रकाना भरत म्हणाली, "कोणी तरी विचारायले पाह्यजे होतं."

मग तिनं सही केली, शिक्का मारला, वर्तणूक 'उत्तम' लिहिली आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली. "जन्मतारीख तपासून घ्या. चुकली तं जन्मभर पुरते."

दुसऱ्या दिवशी, ऊन तापायच्या आत, वहिनी पोरं शोधायला पायीच निघाली. मी मोटरसायकल आडवी घातली. "बसा."

तिनं माझ्याकडं नीट पाहून घेतलं, मग बसली.

गावाबाहेर प्लॉट पाडलेल्या नव्या लेआउटात बांधकामावरच्या मजुरांची घरं आहेत. दोन दारांवरून रिकामे परतलो. तिसऱ्या दारात भांडी घासणाऱ्या बाईनं वहिनीचं सगळं ऐकून घेतलं आणि राखेचा हात माझ्याकडं केला.

"शाळा एवढी चांगली हाय, तं ह्या भाऊची पोरगी कुठं हाय?"

मी गाडीचा आरसा पुसायला लागलो. आरसा स्वच्छच होता.

"त्याची गेली, म्हणून तं जागा खाली झाली बाई," वहिनी म्हणाली. "तुझी आण बाहेर."

बाई खळखळून हसली आणि आत हाक मारली. अर्धी पोळी हातात घेऊन एक सात-आठ वर्षांची पोर दाराआड उभी राहिली. वहिनी तिच्यापुढं जमिनीवरच बसली. पोरीनं नाव सांगितलं, एवढं हळू की वहिनीला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला.

नाव वहीत लिहून वहिनी उठली आणि माझ्या डोळ्यांकडं पाहून म्हणाली, "भाऊजी, आता डोये नका पुसत बसू. गाडी चालवायची हाय."