अनसूयाबाईंचं पथ्य

पंचवटीत सव्वाशे पानांचा स्वयंपाक एकहाती उतरवणारा एकच आचारी होता, गंगाधर. नैवेद्याआधी अन्न चाखायचं नाही, म्हणून तो मीठ हाताच्या अंदाजानेच टाकायचा, आणि ते कधी चुकलं नाही. ज्यांच्या वाड्यात तो रांधायचा, त्या ढुंढिराजशास्त्र्यांकडे उतरलेले यात्रेकरू त्याच्या आमटीचं नाव काढत परत जायचे. त्याला तरुणपणापासून फेफरं येतं, हे मात्र एकट्या बायकोला, अनसूयेला ठाऊक होतं. फेफरं येणाऱ्याला चुलीपाशी कोण उभं करणार? डॉक्टरांच्या मिक्श्चरने झटके थांबले होते. ती बाटली शेजारपाजाऱ्यांना पोटाचं औषध म्हणून माहीत होती.

पंचाहत्तर सालच्या उन्हाळ्यात त्याच्या तोंडावर, हातांवर, नडग्यांवर लाल, पुवाळलेले फोड उठले. वर्ष झालं तरी जाईनात. लोकांना फोड आणि महारोग यांतला फरक कळत नाही, आणि कळून घ्यायचाही नसतो. यजमान भरल्या पानावरून उठायला लागले. शास्त्रीबुवांनी गंगाधरला चुलीवरून हलवून परसातल्या झाडांना पाणी घालायला लावलं. "कातडी साफ कर नि ये, चूल तुझीच आहे," असं म्हणाले. म्हणाले कसले, ओसरीवरून ओरडले. जवळ कोण जातो!

अनसूयेने पदर खोचला. वैद्यबुवांनी सांगितलं, मीठ बंद, आंबट बंद, वांगं बंद. बाटलीचं तिने त्यांना सांगितलंच नाही. ते औषध झटक्यांचं, त्याचा कातडीशी काय संबंध? आणि ही बाई एकदा पथ्याला लागली की ब्रह्मदेवाच्या बापाचं ऐकणारी नव्हती. मिठाची बरणी तिने ट्रंकेत घातली आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली.

फोड वाढले. गंगाधरची जीभ जड झाली, पाय अडखळू लागले, भरलेली घागर कुठे ठेवली ते आठवेना. "चोरून खाताय तुम्ही," अनसूया म्हणाली. तिने त्याला गोदेत गुडघाभर पाण्यात उभं करून शपथ घ्यायला लावली. त्याने घेतली, पण बोबडी. घाटावरची माणसं हसली. तेव्हा तिने चारचौघांत त्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. तो मान खाली घालून उभा राहिला. त्याने मिठाचा कणही खाल्ला नव्हता.

एका सकाळी त्याने तिला ओळखलं नाही. तिने त्याला सरकारी दवाखान्यात नेलं, तिथे तरुण डॉक्टरने बाटली पाहिली.

"बाई, या औषधातल्या ब्रोमाइडनेच फोड आलेत. मिठाने ते लघवीवाटे बाहेर पडतं. तुम्ही मीठ तोडलंत, ते अंगात साचत गेलं."

"म्हणजे मी…"

"मीठ द्या त्यांना."

बाटली गेली, नव्या गोळ्या आल्या, मीठ पोटात गेलं. दोन महिन्यांत फोड सुकून काळे डाग उरले, डोकं ताळ्यावर आलं. अनसूयेला केल्याची भरपाई करायची घाई झाली होती. ती धावत शास्त्रीबुवांकडे गेली.

"महारोग नव्हता हो! फेफऱ्याच्या औषधाचे फोड होते. औषध बदललं, संपलं!"

शास्त्रीबुवांचं हसू जागीच गोठलं. "फेफरं? वहिनी, बारा वर्षं माझ्या उकळत्या तेलापाशी फेफरं उभं होतं?"

संध्याकाळपर्यंत सगळ्या पंचवटीला कळलं. कातडी साफ होती, आणि चूल कायमची गेली.

"तू सांगितलंस?" गंगाधरने एवढंच विचारलं.

"हो."

पुढे तो देवळाबाहेर चपला सांभाळायला बसू लागला. चूल गेली त्या रात्रीच अनसूयेने पान वाढलं, वरच्या बाजूला मीठ ठेवलं. त्याने ते बोटाने बाजूला सारलं.

"अहो, डॉक्टर म्हणालेत, आता खा."

"अळणीची सवय झालीये. माझं वेगळं शिजवत जा."

तिने पाय धरले, रडली, भांडली. तो जेवत राहिला. शहाऐंशी साली तो गेला. तोवर रोज दोन्ही वेळा तिने त्याच्या पानात मीठ वाढलं, आणि रोज दोन्ही वेळा ते जसंच्या तसं उचलून मोरीत टाकलं.