समुद्रात सोडायचं धोतर

सासरे गेले त्याला वर्ष उलटून गेल्यावर, तै या तमिळ महिन्यातल्या अमावास्येला, आम्ही कोडिक्करैला समुद्रस्नानाला गेलो. गल्लीतल्या काही घरांनी मिळून व्हॅन ठरवली होती. त्या वर्षांत तंजावरात भाड्याच्या व्हॅन फार झाल्या होत्या. पूर्वी बस बदलत जावं लागे, म्हणून थोडेच लोक जात. आता मनात आलं की कुणीही कुठेही निघे. आदल्या दिवसापासून मी चिंचेचा भात आणि दहीभात करून केळीच्या पानांत बांधत होते. व्हॅनमध्ये बसले तेव्हाच पाय दुखत होते.

सासूबाईंनी मांडीवर एक पिशवी घट्ट धरली होती. त्यात सासऱ्यांचं पूजेला नेसायचं धोतर होतं. अमावास्येला समुद्रात बुडी मारून गेलेल्या माणसाचं वस्त्र पाण्यात सोडलं की ते त्याला पोचतं, असं आमच्या घरात मानत. वर्षश्राद्धाच्या वेळी सासूबाई तापाने पडल्या होत्या, तेव्हा हे राहून गेलं. तेव्हापासून त्या भात कालवता कालवता थांबत आणि म्हणत, "तिकडे ते उघडे बसलेत गे." मग ताट तसंच राही.

वेदारण्यमच्या अलीकडे भातशेतं संपली आणि कोळंबीची तळी लागली. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे शेतंच होती. पुढे मिठागरं, आणि लांब पाण्यात गुलाबी पक्ष्यांची रांग. ते उडताना दिसावेत म्हणून ड्रायव्हरने जोरात हॉर्न वाजवला. पक्षी उडाले, व्हॅनमध्ये टाळ्या पडल्या. पक्षी पुन्हा बसले, त्याने पुन्हा वाजवला. नको म्हणावंसं वाटलं, पण इतक्या लोकांत माझं तोंड उघडत नाही.

तिथला समुद्र उथळ आणि गढूळ. गुडघाभर पाणी मिळायलाही बरंच आत चालावं लागतं. आधी आलेल्यांनी सोडलेल्या साड्या, वेष्ट्या-धोतरं, टॉवेल परत येऊन पायांत अडकत होते. काठावर एका होडीच्या सावलीत एक कोळीण जाळं घेऊन बसली होती. हातातल्या कोयत्याने ती जाळ्यात गुंतलेलं कापड कापत होती. जाळ्यात एक मेलेलं कासव होतं. त्याच्या मानेभोवती हिरव्या साडीचा पीळ बसला होता.

तिने सासूबाईंची पिशवी पाहिली. "पाट्टी, तुमच्याकडे पण तेच का?" तमिळमध्ये आजीला पाट्टी म्हणतात.

"आमच्या घरातलं आहे. तुला काय करायचंय?"

"मलाच करायचंय. तुम्ही सोडून व्हॅनमध्ये बसाल. कापायला मी आहे."

आमचे हे मध्ये पडले. "एका धोतराने काय होतंय, अम्मा?"

"सगळे एकेकच आणतात, सामी. गठ्ठा घेऊन कोण येतंय?"

सासूबाई रागावल्या की मराठीत बोलत आणि तमिळ मला बोलायला लावत. त्या मला म्हणाल्या, "सांग हिला. आपण टाकत नाही, सोडतो."

मी खाली बघून कसंबसं सांगितलं.

"टाकलेलं बरं," ती कोयता न थांबवता म्हणाली. "ते वाळूवर तरी पडून राहतं. सोडलेलंच माझ्या जाळ्यात येतं."

सासूबाई धोतर घेऊन पाण्यात गेल्या. मी त्यांचा दंड धरला होता. त्यांनी बुडी मारली, उठल्या, धोतर उलगडलं आणि तशाच उभ्या राहिल्या. मागे व्हॅनचा हॉर्न वाजत होता. हे काठावरून ओरडले, "आई, आटप. सोड आणि चल."

"ते कासव बघितल्यापासून हात सुटत नाही," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आणि नाही सोडलं तर ते तसेच उघडे."

मीही दमले होते. कुणीतरी काहीतरी ठरवावं आणि घरी जावं, एवढंच वाटत होतं. पण माझ्याच तोंडून आलं, "दशी सोडली तर?"

द्वितीयेच्या चंद्राची कोर दिसली की आमच्यात पदराचा एक धागा ओढून चंद्राला वाहतात. त्या धाग्याला दशी म्हणतात. एक दशी वाहिली की अख्खं वस्त्र दिल्यासारखं होतं. सासूबाई हे कधी चुकवत नसत. त्यांच्या सगळ्या लुगड्यांचे पदर त्यामुळे विरलेले होते.

"चंद्राचं वेगळं. तो देव."

"देवाला चालतं, मग मामंजींना चालणार नाही?"

"तू त्यांना ओळखलंच नाहीस. सांबारात मीठ कमी पडलं तर ताट सारायचे. ते धाग्यावर ऐकतील?"

पण त्या धोतराचा काठ चाचपू लागल्या होत्या. ओल्या काठाचा धागा निघेना. आम्ही काठावर आलो. कोळणीने काय चाललंय ते विचारलं, मी सांगितलं. "सुती आहे ना?" ती म्हणाली. "मग सोडा. नायलॉनचा नको." आणि तिने कोयत्याच्या टोकाने काठ उसवून दिला. मी धागा ओढला. सासूबाई पुन्हा पाण्यात गेल्या, नाव आणि गोत्र उच्चारून त्यांनी तो सोडला. पाण्यात तो दिसलाही नाही.

"गेला का?"

"गेला."

जेवणं झाल्यावर मी आमच्या पानांबरोबर इतरांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पाण्याची पाकिटंही गोळा केली. शेजारीण म्हणाली, "काय गे, मुनिसिपालिटीत लागलीस?" सगळे हसले. तिथे कचरा टाकायला जागा नव्हती. ते गाठोडं तंजावरला आणून मी गल्लीच्या टोकाच्या ढिगावर टाकलं. तिथून पुढे ते कुठे गेलं, मला माहीत नाही. व्हॅनमध्ये सासूबाई ओलं धोतर मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वाटभर त्याचा उसवलेला काठ चाचपत होत्या. आपण सासऱ्यांचं शेवटचं काम बिघडवलं की काय, हे माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

काही दिवसांनी सकाळी मी तांदूळ निवडत होते. त्या समोर येऊन बसल्या.

"आले नाहीत गे धोतर मागायला."

"स्वप्नात?"

"हं." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "आले असते तर मी तुझं नाव सांगणार होते."