पिशवीसकट लावलेली रोपं

अन्याय झाला तो प्रभाकर सोमण सरांवर. गेल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मानपाड्याच्या कारखान्यात, यंत्रावरचा झेंडूचा हार अजून सुकलाही नव्हता तेव्हा. गेल्या महिन्यात सर कोपरीच्या घरी एकटेच असताना वारले... शेजारच्या काकूंचा फोन आला, "अगं, सर दार उघडत नाहीयेत." शोकसभा वगैरे कुणी घेतली नाही. म्हणून हे लिहितेय.

सर ठाण्यात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर सोयाबीनची पेंड घेऊन बसले. तिच्यातल्या प्रथिनांपासून मातीत विरून जाणारी रोपांची पिशवी करायची. रोप पिशवीसकट लावायचं, बस्स. मी त्यांच्या पिशवीची पत्रकं लिहून वाटणारी. पत्रकात 'क्रांती' लिहिलं, तर म्हणाले, "खोड ते. पिशवी आहे गं ती!" प्रयोगशाळेत वीतभर तुकडा छान निघायचा. मानपाड्याच्या ज्या कारखान्याने पिशव्या काढायला घेतल्या, तिथल्या यंत्रात मात्र कधी करपायचा, कधी फाटायचा. सर म्हणत होते, अजून वर्षभर थांबा. कारखान्याच्या मालकाला कसला धीर! त्या सकाळी त्याने साधं प्लास्टिक मिसळलं आणि पिशव्या झरझर निघाल्या.

"थोडंसंच आहे हो सर. कुणाला कळतंय?"

"मुळांना कळेल. निदान पिशवीवरून माझं नाव तरी काढा."

"नावावरच तर खपणार!"

त्यानंतर सरांना गेटच्या आत घेतलं नाही.

पावसाळ्यात सोसायट्यांनी वृक्षारोपण केलं, फोटो काढले. पिशवीवर सरांचं नाव आणि खाली ठळक अक्षरांत 'पिशवीसकट लावा'. लोकांनी लावली. प्लास्टिकमुळे पिशवी विरलीच नाही, मुळं आतल्या आत गुंडाळली गेली. त्या पिशव्या काढायला सर खुरपं घेऊन एकटेच सोसायट्या फिरले. एका वॉचमनने विचारलं, "आजोबा, झाडं उपटायला आलात काय?" हे मला हसत सांगत होते, पण चहा गार झाला तरी कप उचलला नाही... "म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं तुलाही वाटतं का गं?" मी नाही म्हटलं. माझ्या एकटीच्या नाही म्हणण्याने त्यांचं काय भागणार होतं?

तेव्हा वाचणाऱ्यांनो, हळहळू नका. यंदा लावलेलं रोप पिवळं पडलं असेल तर आजच खाली उतरा. माती उकरा, पिशवी फाडा, मुळं बोटांनी मोकळी करा. आणि ती फाटकी पिशवी कचऱ्यात टाकू नका. जिथून आणलीत त्या नर्सरीच्या काउंटरवर ठेवा आणि विचारा, हे नाव कुणाला विचारून छापलं? उत्तर मिळेपर्यंत हलू नका.