आत्याच्या घशाची बाजू

आत्याच्या नंबरवरून फोन आला की मी तो कानापासून हातभर लांब धरायचो. त्या सकाळीही तसाच धरला… आणि काही ऐकूच येईना. कानाला लावला, तर तिची लेक सांगत होती, "दादा, आई झोपेतच गेली." त्या घरातून इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता.

आत्या इथे सोलापुरात मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. तिने मैदानावर 'सावधान' म्हटलं की फाटकाबाहेरचा रिक्षावालाही पाय जुळवायचा, असं मी सांगत असतो. थोडं वाढवून सांगतो, पण थोडंच! अशा बाईचा घसा सारखा धरायचा. सूज, ताप, गिळताना कळ. गोळ्यांनी बरा व्हायचा, की पुन्हा तेच. सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता : ओरडणं आणि शेंगाचटणी. घशाचे डॉक्टर म्हणाले, आवाज कमी करा. तिचे यजमान, आमचे मामा, म्हणाले, चटणी कमी कर. आत्याने दोघांचं ऐकून घेतलं आणि भाकरीवर आणखी चटणी घेतली.

एका वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची तयारी चालू असताना आवाज पुरता बसला. मुख्याध्यापक अदबीनं म्हणाले, "बाई, बऱ्या झालात की तुमच्या आज्ञा रेकॉर्ड करू. पुढं स्पीकरवर लावता येतील."

"मग सर, संचलनपण स्पीकरलाच करू द्या की!" आत्या घोगरली.

घरी येऊन मात्र रडली. आवाज गेला की मैदानही जाणार, हे तिला कळत होतं.

पोटातली जळजळ जुनीच होती. ती वाढली म्हणून मी तिला पोटाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तोंडातून नळी घालून पाहिलं आणि जठरात जिवाणू सापडले. घशाचं ऐकून म्हणाले, "सारखा घसा धरण्यामागं यांचाही हात असू शकतो, असं काहींना वाटतं. सिद्ध झालेलं नाही. औषध पोटासाठी देतोय, घशाचं बघू."

आत्या ताठ बसली. "म्हणजे माझं ओरडणं निर्दोष?"

"तसं मी म्हणालो नाही, बाई."

"दोषी आहे असंही नाही म्हणालात!"

त्या बसक्या आवाजात तिने झाडून सगळ्या नातेवाइकांना फोन करून हा निकाल कळवला. गोळ्या एकही न चुकवता, कवायतीच्या तालावर घेतल्या. पुढे घसा धरणं पुष्कळच कमी झालं. डॉक्टर अखेरपर्यंत म्हणत राहिले, औषधानंच झालं याची खात्री देत नाही. "नका देऊ," आत्या म्हणायची, "मला कुठं खात्री पाहिजे? मला मैदान पाहिजे." आणि निवृत्तीपर्यंत, स्पीकरशिवाय, ते तिने राखलं. नंतरही शनिवारी जायची.

परवा शाळेनं शोकसभा घेतली. मैदानावर मुली रांगेत. मुख्याध्यापकांनी सांगितलं, "आता दोन मिनिटं शांतता…"

शांतता? हिच्यासाठी? मी उठलो, छाती भरून घेतली आणि ओरडलो, "सावधान!" आवाज मधेच फाटला. मुली फिस्सकन हसल्या. मग शेवटच्या रांगेतून एकीनं तीच आज्ञा खणखणीत दिली, आणि सगळ्यांचे पाय एकदम आपटले. त्या दोन मिनिटांत मैदानावरची धूळ काही खाली बसली नाही.