बाबा गेममध्ये मेले तो आठवडा

माझा मामा जहाजावर होता. दर खेपेला येताना तो आमच्यासाठी काहीतरी बिनकामाची वस्तू घेऊन यायचा. एकदा हातभर लांब टॉर्च आणली, एकदा कॉफी गाळायचं यंत्र आणलं (घरात कॉफी कोणी प्यायचं नाही), आणि नव्वदीच्या सुरुवातीला कुठल्याशा बंदरावरून एक जुना अमेरिकन व्हिडिओ गेम उचलून आणला. सोबत कॅसेट एकच. बिल्डिंगमध्ये इतरांकडे गेम म्हणजे उड्या मारणारा माणूस नाहीतर गाड्यांची शर्यत, अर्ध्या तासात खेळ खलास. आमच्या कॅसेटमधली चार माणसं मात्र गावोगाव चालत जायची, भेटेल त्याच्याशी बोलायची, राक्षस मारायची, धर्मशाळेत मुक्काम करायची आणि उठून पुन्हा चालू लागायची. मामा म्हणाला, "पन्नास-साठ तास लागतात म्हणे संपायला." आई म्हणाली, "तेवढ्यात माझे वर्षाचे पापड होतील." त्या वर्षी पापड विकतचे आले, एवढंच सांगते.

आम्ही लालबागची खोली सोडून भाईंदरला, जेसल पार्कात, नुकतेच राहायला आलो होतो. माझी अकरावीची परीक्षा झाली होती, सुट्टी लागली होती आणि नव्या जागी मैत्रीण म्हणावी अशी एकही नव्हती. मशीनला आपली वीज चालत नाही म्हटल्यावर बाबा ते पिशवीत घालून काशीमीऱ्याच्या एका मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे गेले. तो एरवी पाण्याचे पंप दुरुस्त करायचा. त्याने पोळ्यांच्या डब्याएवढा ट्रान्सफॉर्मर बनवून दिला. तो दिवसभर गुणगुणायचा आणि तापायचा. बाबा कौतुकाने म्हणाले, "फ्रिज घेतल्यासारखं वाटतंय." आमच्याकडे फ्रिज नव्हता, म्हणून.

खेळ सुरू करताना चौघांना नावं द्यायची होती, प्रत्येकी चार इंग्रजी अक्षरांत. बाबा बरोब्बर बसले. घरात पाल दिसली की खुर्चीवर चढणाऱ्या आमच्या बाबांच्या हातात मी भलीमोठी तलवार दिली. आईला मंत्र म्हणून जखमा बऱ्या करणारी केलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तिथेही मीच निस्तरायचं का?" तिसरी मी. चौथी जागा शेजारच्या गुजराती बेननी मागून घेतली. त्या रोज वाटी परत करायच्या निमित्ताने यायच्या आणि उंबऱ्यातूनच विचारायच्या, "मेरा कैसा चल रहा है?" मी त्यांना चोर केलं होतं, कुलपं उघडणारी. त्यांना सांगितलं होतं की जादूगार आहात. आजतागायत खरं सांगितलेलं नाही.

आता साठ तास घरात बसवायचे म्हणजे चेष्टा नाही. सकाळी बाबांचा डबा, मग धुणी, दुपारी आईची झोप, संध्याकाळी सातला बातम्या, त्यानंतर टीव्हीवर बाबांचा हक्क. उरले चार ते सहा. त्यातही दिवसाआड पाचच्या सुमाराला पाणी यायचं, तेही चाळीसेक मिनिटं. "पाणी आलंऽऽ" अशी जिन्यातून हाक आली की राजा असो की राक्षस, सगळं तिथेच टाकून पिंपाकडे धावायचं. बंद करायचीही रीत होती. गावातल्या धर्मशाळेत मुक्काम केला की तिथवरचं जपून ठेवलं जायचं, मग रीसेट दाबून धरायचं आणि तसंच धरून पॉवर बंद. बाबांना भिंतीवरची बटणं दिसतील तशी बंद करायची खोड, म्हणून त्यातल्या मशीनच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली होती. आई समोर मेथी नाहीतर गवार निवडत बसायची. कंट्रोलरला तिने कधी हात लावला नाही. "माझे हात खरकटे असतात," म्हणायची. तोंड मात्र सतत चालू. "डावीकडे जा, ती म्हातारी काहीतरी सांगेल." "अगं, त्या बेनना मागे ठेव, सारख्या मार खातात बिचाऱ्या."

बाबांना वरकरणी यात रस नव्हता. पण ऑफिसातून आले, हातपाय धुतले, पानावर बसले की विचारायचे, "आज मी किती मारले?" मी आकडा फुगवून सांगायचे. मग ते भाताचा मोठा घास घ्यायचे.

अशात बाबांना हर्निया निघाला. डॉक्टरांनी बोरिवलीच्या एका हॉस्पिटलात ऑपरेशन सांगितलं, पुढच्या बुधवारी. "किरकोळ आहे," असं बाबा दिवसातून इतक्यांदा म्हणायला लागले की किरकोळ नसावं असं आम्हाला वाटायला लागलं.

त्याच्या सात दिवस आधीची गोष्ट. आम्ही चौघं मार खात खात वाळवंटाअलीकडच्या एका टीचभर गावात शिरत होतो आणि जिन्यातून हाक आली. मी घाईघाईत धर्मशाळेत मुक्काम केला, जपून ठेवलं आणि पळाले. बादल्या, पिंप, टाकी, सगळं भरून झाल्यावर मशीन पुन्हा लावलं. आई पदराला हात पुसत येऊन बसली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "हे मागून काय सरकतंय?"

या खेळात माणूस मेला की त्याची शवपेटी व्हायची आणि बाकीचे ती ओढत न्यायचे.

"बाबा," मी म्हटलं.

"काय झालं त्यांना?"

"मेलेत."

पाठीत धपाटा बसला. "जिभेला काही हाड आहे का तुझ्या? आठवड्यावर ऑपरेशन आलंय माणसाचं!"

खरं सांगायचं तर आई असलं काही मानणारी बाई नव्हे. मांजर आडवं गेलं तर ती त्याला दूध घालायची. आणि बेन तर आठवड्यातून तीनदा मरायच्या. त्यांची पेटी आम्ही डोंगरदऱ्यांतून फरफटत न्यायचो तेव्हा हीच बाई शांतपणे गवारीच्या शिरा काढत असायची. पण त्या दिवशी तिने निवडायची भाजी बाजूला ठेवली. "मी काही मानत नाही," ती म्हणाली. "पण बुधवारच्या आत ह्यांना उठव."

इथेच तर घोळ होता. मेलेल्याला उठवणारा पुजारी वाळवंटापलीकडच्या शहरात होता. या टीचभर गावात धर्मशाळा आणि चार कोंबड्या, बस्स. वाळवंट बाबांच्या तलवारीशिवाय ओलांडता येत नव्हतं, आणि तलवारवाले पेटीत. मागे जावं तर ज्या गुहेतून आलो तिचं तोंड ढासळलेलं. एरवी मी आधीचं जपून ठेवलेलं लावलं असतं, पण जागा एकच होती, आणि तिथे मीच माझ्या हाताने मेलेले बाबा ठेवून पाणी भरायला गेले होते. आई म्हणाली, "पाणी थांबलं असतं दोन मिनिटं." पाणी थांबलं असतं! हीच बाई, जी एरवी मला आंघोळीतून ओढून पिंपापाशी उभी करायची.

त्या रात्री पानावर बाबांनी विचारलं, "आज मी किती मारले?"

आईला ठसका लागला. "आज सुट्टी होती तुम्हाला," ती पाणी पिऊन म्हणाली.

"माझी रजा तर शिल्लक आहे," बाबा म्हणाले आणि खूश होऊन जेवले.

मग रोज तेच. मी, आई आणि बेन वाळवंटात शिरायचो, विंचू यायचे, आम्ही मरायचो, पुन्हा धर्मशाळेतून सुरुवात. चार ते सहाचे दोन ते सहा झाले. आईने दुपारची झोप सोडली. बाबांना कळता कामा नये म्हणून ते यायच्या आत मशीनवर टॉवेल पडायचा. बेनना कळलं तेव्हा त्या जरा दुखावल्याच. "मैं मरती हूँ तब तो कोई नहीं रोता," म्हणाल्या. सोमवारी आईने तिच्या मंत्रांच्या यादीतल्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कधी वापरत नाहीस तू. काय आहे?"

"ते लढाईत म्हणायचं. त्याने बाकीचे सगळे उठतात, पण म्हणणारा मरतो. एकाला उठवून दुसऱ्याला घालवायचं, काय फायदा?"

"हं," आई म्हणाली आणि कुकर बघायला गेली.

मंगळवारी बाबांना ॲडमिट करायचं होतं. पाण्याचा दिवस होता, शिवाय दुसऱ्या दिवशीचा डबा करायचा होता, म्हणून आई घरी राहिली आणि मी बाबांबरोबर गेले. रात्री काका थांबणार होते. कागदपत्रं झाली, रक्त घेऊन झालं, बाबा हॉस्पिटलच्या कपड्यांत कॉटवर बसले. त्या ढगळ सदऱ्यात ते एकदम लहान दिसायला लागले. रेक्झिनची पिशवी मांडीवर घट्ट धरून म्हणाले, "एक विचारतो, खरं सांगशील?"

"काय?"

"आठवडाभर तुझी आई माझ्यावर ओरडली नाहीये. परवा मी आमटीत मीठ जास्त झालंय म्हटलं तर 'चुकलंच माझं' म्हणाली. लग्नाला एवढी वर्षं झाली, असं कधी झालं नाही. तुम्ही दोघी मी आलो की बोलायचं थांबता. टॉवेल टाकून काहीतरी झाकता." त्यांनी आवाज खाली आणला. "डॉक्टरांनी तुम्हाला वेगळं काही सांगितलंय का गं?"

मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू. सात दिवस हा माणूस मनातल्या मनात मरत होता आणि आम्ही त्याच्यापासून लपवत काय होतो, तर पेटी.

"बाबा, तसं काही नाहीये हो. तुम्ही गेममध्ये मेलायत."

मी सगळं सांगितलं. पाणी, धर्मशाळा, विंचू, आई, सगळं. आधी त्यांची मिशी हलली, मग पोट, आणि मग ते इतके हसले की पलीकडच्या कॉटवरचे आजोबा उठून बसले. डोळे पुसत म्हणाले, "बावळट आहात दोघी. मग, उठवलंत का मला?"

"अजून नाही."

"अगं, मग इथे काय बसलीस? जा घरी!"

काका आले आणि मी निघाले. साडेसातला घरी पोचले तर टीव्ही चालू. बातम्या नव्हेत, तेच गाव. कंट्रोलर पाटावर ठेवलेला आणि बटणांवर पिठाची बोटं उमटलेली. पडद्यावर बाबा तलवार घेऊन ताठ उभे, त्यांच्यामागे मी, बेन आणि शेवटी एक पेटी.

"आई, हे काय केलंस? तू मेलीस!"

"मग?" आई पोळ्या लाटत होती, तिने वर पाहिलंही नाही. "गावाबाहेर गेले, पहिला राक्षस भेटला, त्याच्यासमोर तो खालचा मंत्र म्हटला. मग धर्मशाळेत येऊन ठेवून दिलं. ते रीसेट दाबून धरायचंय ना, ते तेवढं तू कर, माझे हात पिठाचे आहेत."

"अगं, पण आता तू..."

"मला काय घाई आहे? माझं कुठे ऑपरेशन आहे? उठव नंतर सवडीने."

बुधवारी ऑपरेशन झालं. किरकोळच होतं. पण नंतर बाबांना ताप आला आणि त्यांना नऊ दिवस ठेवून घेतलं. ते नऊ दिवस आई पहाटे उठून मऊ भात आणि मुगाचं वरण करायची, डबा घेऊन बोरिवलीला जायची, दुपारी परत यायची, पाणी असेल तर भरायची, संध्याकाळचा डबा घेऊन पुन्हा जायची. तिला कंबरेचा त्रास होता. तिने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. येणारेजाणारे बाबांची चौकशी करायचे, तिच्या हातचा चहा प्यायचे आणि जायचे. मीही दुसऱ्यांसारखीच. "आई, माझं जेवण?" एवढंच माझं तिच्याशी बोलणं. मशीनला कुणी हात लावला नाही.

बाबा घरी आले त्या दिवशी लोडाला टेकून म्हणाले, "लाव गं ते. बघू मी कसा दिसतो."

मी लावलं. स्वतःला बघून त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग पुढे वाकले. "ही पेटी कोणाची? बेन?"

"आई."

"कधीपासून?"

"तुमच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवसापासून. तुम्हाला उठवायला गेली ना ती."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता, त्या बाजूला बाबांनी एकदा पाहिलं. "दहा दिवस?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मला माझीच लाज वाटली. त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे. कुठलं बटण दाबायचं ते सांग. आणि मला सगळ्यांच्या पुढेच ठेव."

आतून आई ओरडली, "अहो, आधी गोळी घ्या आणि चार घास खा! मी कुठे पळून चाललेय?"

"तू बस तिथेच," बाबा म्हणाले. "हलू नकोस. मी येतोय."